मेस्त्रींनी कापलेलं विमान

मेस्त्री चहा कपातून कधी प्यायचे नाहीत. बशीत ओतायचे, आणि पिण्याआधी बशीच्या काठावर नख वाजवून ऐकायचे. फुटकी बशी आणि कच्चं लाकूड, दोन्ही आवाजावरून कळतात, असं त्यांचं म्हणणं. "आधी विचारावं," म्हणायचे. "ठोकल्याशिवाय वस्तू बोलत नाही."

त्या गुरुवारी संध्याकाळीही त्यांनी बशी वाजवली. आम्ही दोघं विमानाच्या पंखाखाली वाळूत बसलो होतो. शारजात, इंग्रजांच्या छावणीच्या तारेबाहेर. स्टोव्ह मध्ये होता. पाच महिन्यांचं काम त्या दिवशी संपलं होतं. लाकडाचा शेवटचा सांधा दुपारी जोडला होता, आणि तो मेस्त्रींनी पहिल्यांदाच माझ्या हातानं जोडून घेतला होता. त्यांच्या उजव्या तळव्यात पटाशी लागली होती, फडकं बांधलेलं होतं. "आज तू कर," म्हणाले आणि पंखाच्या सावलीत जाऊन पडले. सकाळी साहेब ते विमान उडवणार होता.

मी खुशीत होतो. म्हणालो, "मेस्त्री, सांधा कोरडा नाही ठेवला हां मी. सरस लावायच्या आधी दोन्ही कडांना तेलाचा हात दिला. आपल्याकडे देतात तसा."

"कसलं तेल?"

"मुशीचं. तुमच्याच डब्यातलं."

"वरून?"

"वरून कशाला? आतून. सांध्यात."

मेस्त्रींनी बशीतला चहा संपवला. बशी वाळूनं घासली, लुंगीच्या टोकाला पुसली, पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "बरं."

तेवढंच. उठले, कमरेला हात लावून जरा उभे राहिले आणि चालायला लागले. मी स्टोव्ह विझवला आणि शीळ घालत घरी गेलो. तो चहा म्हणजे दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट. त्या 'बरं'चा अर्थ मला कळला नाही. मला अक्कल नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा विमानाला माशाचं तेल लावायच्या गोष्टी सांगतो, ह्याचं डोकं फिरलं. बायको गेल्यापासून माझी मुलंही तसंच म्हणतात. बायकोला ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. ती तांदूळ निवडता निवडता मध्येच म्हणायची, "फेकू नका," की मी परत मागे जाऊन खरं ते सांगायचो. आता अडवणारं कोणी नाही, म्हणून जपून लिहितो. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षराला हसू नका.

तेव्हा अमिरात नव्हती. प्रत्येक शेखाचं आपापलं गाव. शारजातल्या रोल्ल्यात एक मोठं वडाचं झाड आणि त्याच्या आसपास थोडी दुकानं. आज तिथं राहून आलेल्या तुम्हा लोकांना हे खोटं वाटेल. माझा नातू तिथंच आहे, त्याला फोनवर विचारलं, बाबा रे, छावणीच्या मागची विहीर आहे का? तर म्हणाला, "नाना, व्हॉट विहीर?"

आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. लाँचमधून आलेलो. रात्री उथळ पाण्यात उतरवून दिलं की चालत काठाला लागायचं, कागद कसले आणि काय. मी तिशीचा होतो, दोन मुलांचा बाप. खाडीवर गलबतं बांधायच्या जागी फळ्या वाहायचो, तिथं मेस्त्री भेटले. साठीचे, काळे, बारीक, दाढीला मेंदी. तपकिरीचं व्यसन एवढं की नाकाला वास म्हणून येत नसे. लोक त्यांच्या शेजारी मुशीच्या तेलाचा डबा उघडून ठेवायचे आणि पळायचे. ते मजेत काम करत राहायचे. मुशीच्या काळजाचं तेल काय असतं ते ज्याला माहीत नाही त्यानं सुखी राहावं. पण गलबताला त्यासारखं औषध नाही.

साहेब त्यांना शोधत एक दिवस खाडीवर आला. उंच, लाल, डोक्यावर टक्कल. पूर्वी लढाईचा वैमानिक होता. मग तेल शोधणाऱ्या कंपनीचं लहान विमान चालवायचा, वाळवंटात माणसं नेऊन सोडायचा. फौजेत शिकलेली मोडकी हिंदी त्याला यायची. हातात लाकडाचा एक तुकडा. बाहेरून पातळ फळी, आतून पातळ फळी, आणि मधे भेंडासारखं हलकं काहीतरी.

"मेस्त्री, ये बना सकता?"

मेस्त्रींनी तुकडा टिचकीनं वाजवला. कानाला लावला. "ये नाव का नहीं है."

"नहीं. हवाई जहाज का."

खाडीवरचे सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "पाण्यातून कोण चालतं आणि हवेतून कोण चालतं, लाकडाला काय फरक? दाखव."

छावणीत लढाऊ विमानं होती. जुनी झाली, नवी आली, जुन्यांना पेन्शन मिळाली. त्यातलं एक साहेबानं भंगाराच्या लिलावात घेतलं. स्वतःचं. आपण बैलगाडी घ्यावी तसं माणसानं लढाईचं विमान घेतलं, हे आम्हाला पहिले पंधरा दिवस पटेना. दोन शेपट्यांचं, शिकवण्याचं, म्हणून पुढे दोन खुर्च्या शेजारी शेजारी. पंख आणि शेपट्या पत्र्याच्या, पण जिथं माणूस बसतो ते सगळं पुढचं धड लाकडाचं. खरं सांगतो. उन्हानं त्या लाकडाचे पापुद्रे सुटलेले, बोट घातलं तर आत जाईल. इंजिन चांगलं होतं. छावणीतला एक गोरा फिटर सुट्टीच्या वेळी येऊन इंजिन बघायचा, पण लाकडाला तो हात लावायचा नाही. म्हणाला, आमच्या मुलुखात ही धडं फर्निचरवाल्यांनी बनवली.

साहेबानं ते हिंदीत सांगितलं तेव्हा मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे कपाटवाल्यांनी! तरीच. कपाटवाल्याला कसली भीती? कपाट कधी बुडतं का?"

मेस्त्रींनी खाडीवरचं काम सोडलं आणि मला बरोबर घेतलं. तारेबाहेर खजुरीच्या झावळ्यांची एक शेड उभी केली आणि विमान तिच्यात ढकललं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पटाशी हातातच घेतली नाही. रोज सकाळी यायचे आणि नाकापासून मागपर्यंत बोटानं टकटक करत जायचे. जिथं आवाज बद्द आला तिथं खडूची फुली. आठवड्यानं विमानाला देवी आल्यासारख्या फुल्याच फुल्या. साहेब म्हणाला, एवढ्या? मेस्त्री म्हणाले, "साहेब, मैं नहीं बोलता, वो बोलता है."

त्यांची एक गंमत सांगतो. विमानाच्या पोटाला पुढे तोफांची भोकं होती. तोफा छावणीनं काढून घेतलेल्या. साहेब चार दिवस दुबईला गेला होता, तेवढ्यात मेस्त्रींनी सागवानाची बुचं तासून ती सगळी भोकं बंद केली. वर कापूस, वर राळ. साहेब आला, वाकला, बघत राहिला.

"ये क्या?"

"पानी आएगा."

"मेस्त्री, ऊपर पानी किधर?"

मेस्त्रींनी समजूतदारपणे आभाळाकडे बोट केलं. "बारिश किधर से आती है?"

साहेब वाळूत बसून हसला. बुचं मात्र त्यानं काढू दिली नाहीत.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तो दिवस. आम्हाला वाटलं पंखा फिरेल. पंखा कुठेच नव्हता. नुसती शीळ, मग ती वाढत वाढत दातांत शिरली, आणि मागून जो गरम वारा सुटला त्यात आमची शेड गेली. झावळ्या उडाल्या, मेस्त्रींची टोपी उडाली, जेवणाचा डबा उडाला आणि भात तारेला जाऊन चिकटला. साहेबानं इंजिन बंद केलं. मग मेस्त्री म्हणाले, "सुक्या जमिनीवर वादळ विकत घेतलंय ह्यानं." आणि ते वादळ कशावर चाललं होतं? रॉकेलवर! जे आमच्या चहाच्या स्टोव्हमध्ये तेच त्याच्या पोटात. त्याचं मेस्त्रींना फार कौतुक. कोणी भेटायला आलं की आधी स्टोव्ह दाखवायचे, मग विमान.

आता सांध्याचं सांगतो. हे नीट ऐका, सगळं त्याच्यावर आहे.

गलबताला खिळे असतात. दोन फळ्या भिडवताना मधे तेलात बुडवलेला कापूस भरायचा, कडांना तेलाचा हात द्यायचा आणि खिळे ठोकायचे. धरून ठेवतो तो खिळा. तेल लाकडाला सांभाळतं. आमच्या किनाऱ्यावर उघडी कड कोरडी ठेवणारा माणूस म्हणजे आळशी माणूस. लहानपणी त्यावरून मी बापाचा मार खाल्लेला आहे.

त्या विमानाच्या लाकडाला खिळा चालत नव्हता. धरून ठेवायचं ते नुसत्या सरसानं. दोन्ही कडा लांब तिरक्या तासायच्या, एका कडेला पांढरी पावडर पाण्यात कालवून लावायची, दुसरीला बाटलीतलं आम्ल चोपडायचं, दोन्ही भिडवायच्या, वर वाळूची पोती. मेस्त्रींनी पहिला सांधा केला तेव्हा ते तीन दिवस बेचैन होते. खिळ्याशिवाय काही धरतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी एक नमुन्याचा सांधा करून तो दगडावर आपटला. लाकूड फाटलं, सांधा नाही सुटला. तेव्हापासून ते सरसाशी अदबीनं वागायला लागले. कडांना हात लावायच्या आधी हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत, वजू केल्यासारखे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ. का धुतात ते मी कधी विचारलं नाही आणि ते कधी बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, ह्याला एवढं तर कळत असेल.

साहेब चांगला माणूस होता, पण थांब म्हटलेलं त्याला ऐकू यायचं नाही. एकदा मेस्त्री म्हणाले, उजवीकडचं ठिगळ ओलं आहे, उद्या सकाळपर्यंत इंजिन लावू नका. साहेबानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, "इन्शाल्ला, मेस्त्री!" आणि इंजिन लावलं. ठिगळाचा कोपरा सुटून फडफडायला लागला. साहेब उतरला, हसला, पत्र्याचा तुकडा आणला आणि चार स्क्रू मारून मोकळा. मेस्त्री त्या पत्र्याकडे असे बघत होते जसं कोणी त्यांच्या ताटात थुंकलंय. साहेबाची पाठ वळल्यावर त्यांनी तो काढला आणि ठिगळ नव्यानं बसवलं. मला म्हणाले, "हा लढाईतून जिवंत आलेला माणूस आहे. ह्याला मरण म्हणजे दुसऱ्याच्या घरची गोष्ट वाटते."

आणि एक रिवाज. आमच्याकडे गलबत पहिल्यांदा पाण्यात जातं तेव्हा बांधणारा सुतार त्यात बसलेला असतो. ज्यानं फळी बसवली त्यानं पहिलं पाणी घ्यायचं. नाही बसला तर खलाशी पाय ठेवत नाहीत. मेस्त्रींनी साहेबाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या खुर्चीवर मी. साहेबाला ते इतकं आवडलं की त्यानं छावणीतून त्यांच्यासाठी एक शिरस्त्राण आणलं. ते टोपीवर बसेना आणि मेस्त्री टोपी काढेनात. शेवटी टोपी शिरस्त्राणाच्या आत घडी घालून ठेवायची असा तह झाला. मेस्त्री ते डोक्यावर घालून खाडीवर जाऊन आले. सगळ्यांना सांगून आले, जुम्म्याच्या सकाळी वर बघा.

शुक्रवारच का, तर छावणीच्या मोठ्या साहेबानं धावपट्टी तेवढ्या एका सकाळपुरती दिली होती. पुढच्या आठवड्यात त्यांची नवी विमानं येणार होती. त्याच्या आत हे उडून बहारीनला गेलं तर गेलं, नाहीतर भंगार म्हणून मोडून टाका, असा हुकूम.

ते उडलं नाही, एवढं तुम्हाला मी आत्ताच सांगून टाकतो. पुढची तीन वर्षं त्याच्या शेपट्या तारेबाहेर पडलेल्या मी रोज बघायचो. आणि लोक काय म्हणायचे तेही सांगतो. बुढ्ढ्याची ऐन वेळी फाटली. वर जायची वेळ आली तेव्हा घाबरला आणि विमान करवतीनं कापून टाकलं. रोल्ल्याच्या वडाखाली हे सांगून लोक हसायचे. मी तिथं बसलेला असायचो. एकदा एकानं मला विचारलं, "तू होतास ना बरोबर? खरं काय?" मी म्हणालो, "मी पाणी आणायला गेलो होतो."

मेस्त्री त्याच आठवड्यात परतीच्या लाँचवर चढले. बातमी त्यांच्या आधी पोचली. बातम्यांना कागद लागत नाहीत. ज्यानं पहिलं पाणी घेतलं नाही, ज्याचा सांधा स्वतःलाच कच्चा वाटला, त्याला गलबत कोण देणार? चाळीस वर्षं गलबतं बांधलेला माणूस लोकांच्या घरची दारं आणि बाजा करायला लागला.

मी दोन वर्षांनी गावी गेलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. माझ्या बायकोचं माहेर आणि त्यांचं गाव एकाच खाडीच्या दोन काठांवर. तीच घेऊन गेली, धरून. मेस्त्री अंगणात एका चौकटीला रंधा मारत होते. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

"ये मियाँ! शारजा काय म्हणते?"

मी म्हणालो, "मेस्त्री, ते तेव्हाचं, माझं ते—"

"चहा घेशील?"

"घेईन. पण मेस्त्री, लोक तुम्हाला—"

"दारं बरी," मेस्त्री म्हणाले. "दोन्ही बाजूंना जमीन असते." आणि आतल्या बाजूला ओरडले, "पाहुणे आलेत, साखर जास्त घाला, ह्याला गोड लागतं."

परत येताना आम्ही होडीत बसलो. मधल्या धारेत बायको म्हणाली, "त्यांच्या पोरांना तरी सांगा." मी म्हणालो, सांगतो. पुढच्या सुट्टीत सांगतो. पुढच्या सुट्टीत मेस्त्री नव्हते. पावसाआधी गेले म्हणे, दोन दिवसांच्या तापानं. कबरीवर मी माती द्यायलाही नव्हतो. त्यांच्या पोरांना मी अजून सांगितलेलं नाही. थोरला गेला, धाकटा आहे. बायको शेवटच्या आजारात म्हणाली होती, "तोंडानं होत नसेल तर लिहून द्या. मी मेले तर तिथं मेस्त्रींना काय सांगू?" ती आधी गेली. काय सांगितलं असेल, देवाला ठाऊक.

म्हणून आता त्या सकाळचं.

फजरची नमाज पढून मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. मी नवा शर्ट घातला होता. मेस्त्री आधीच आलेले. सांध्यावरची वाळूची पोती त्यांनी उतरवून एकावर एक रचून ठेवली होती. शिरस्त्राण खुर्चीवर तसंच. त्यांनी माझ्या हातात पटाशी दिली.

"घाल."

"कुठे?"

"कालच्या सांध्यात."

मी टोक लावलं. जोर करायची गरजच पडली नाही. उकळत्या पाण्यात तिसऱ्यांचे शिंपले उघडतात तसा तो सांधा उघडला. आत दोन्ही कडा तेलानं चमकत होत्या आणि सरस त्यांच्यावर सायीसारखा सुटून आला होता. साहेबाच्या खुर्चीच्या बरोबर खाली. वर गेल्यावर काय झालं असतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी वाळूत बसलो.

"परत लावू," मी म्हणालो. "आत्ता लावू. हात धुतो मी."

"मुरलं ते. आता ती कड कापून फेकायची, नवी घालायची. आठ दिवस."

"मग साहेबाला सांगू. मी सांगतो. माझी चूक आहे."

"आणि तो काय करेल?"

मला तो पत्रा दिसला. चार स्क्रू. इन्शाल्ला, मेस्त्री.

मेस्त्री म्हणाले, "सहा वाजता पट्टी मिळते त्याला. त्याला सांधा दिसणार नाही, घड्याळ दिसेल." मग जरा थांबून, "तुझे कागद आहेत?"

"नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"मुलं किती?"

"मेस्त्री, काय विचारताय हे—"

"दोन. मोठी शाळेत जाते. मला माहीत आहे. आता गप्प बस."

त्यांनी करवत घेतली. जखमेचं फडकं दातांनी आवळलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. शर्ट पांढरा, इस्त्री केलेला, उडायला म्हणून धुतलेला. आणि त्यांनी करवत सरळ लावली. पाच महिन्यांत त्या लाकडाला त्यांनी एकदाही सरळ छेद दिला नव्हता; सगळं तिरकं, लांब, मायेनं. आता खुर्चीच्या खालून खाली, हातभर, मग आडवं, आतल्या फासळीतून. पत्रा कुठेच बसू नये असं. भेंडाचा पांढरा भुगा त्यांच्या दाढीवर उडत होता.

मी उठून त्यांचा हात धरला. "नका हो. तुमचं नाव जाईल."

"हात सोड. वाकडी जाईल."

सवय बघा. कापून टाकतानाही वाकडी जायला नको.

मी सोडला नाही. मग त्यांनी करवत तशीच लाकडात अडकवून ठेवली आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं मारतील. त्यांनी तसं करायला पाहिजे होतं. म्हणाले, "पिंपातलं पाणी संपलंय. बादली घे आणि विहिरीवर जा."

"पाणी आहे मेस्त्री. कालच भरलं मी."

ते पिंपापाशी गेले आणि त्यांनी ते पायानं कलंडवलं. सगळं पाणी वाळूत गेलं.

"आता नाही," म्हणाले. "साहेबाची जीप परत गेल्याशिवाय येऊ नकोस."

मी बादली घेतली.

विहीर छावणीच्या मागे, हाकेच्या अंतरावर. तिथवर करवतीचा आवाज येत होता. बादली सोडली, ओढली, भरली. मग जीप आली. करवत थांबली. साहेबाचा आवाज आधी नेहमीसारखा, मोठा, हसरा. मग साहेब ओरडला. इंग्रजीत, मला काही समजलं नाही. मेस्त्रींचा आवाज मात्र स्पष्ट आला, कारण ते मुद्दाम मोठ्यानं बोलले: "मेरा जोड़ कच्चा था, साहेब. मेरा. खलास."

मी भरलेली बादली उचलली आणि विमानाकडे निघालो. चार पावलं गेलो असेन. पाच असतील. मग थांबलो, ते पाणी तिथंच ओतलं आणि मागे फिरून बादली पुन्हा विहिरीत सोडली.